बोनेटवरचा हात

आमच्या धाकटीला गाडीतलं काही कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे माझ्या तोंडून तिच्याबद्दल बरं काही निघून गेलं, तर तुम्ही त्याचा भलता अर्थ काढायला नको.

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. बाहेर सगळे तिला टेपकाकू म्हणतात, कारण कमरेला पिवळी मोजायची टेप अडकवल्याशिवाय बाई घराबाहेर पडत नाही. जेमतेम पाच फूट उंची, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, आणि चालणं असं की मागून हाक मारणाऱ्याला पळावं लागतं. कुणाला छोटी पिकअप घ्यायची असली, की तो घेण्याआधी ती हिला दाखवतो. हिला! आणि हिच्या थोरल्या दिराचं, म्हणजे माझं, गॅरेज हिच्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. त्यावर पाटी आहे, 'गाडी घेण्यापूर्वी तपासून मिळेल.' दोन रंगांत रंगवून घेतलेली. तीस वर्षं मी हेच करत आलोय. लोक ती पाटी वाचतात, आत येतात आणि मला विचारतात, "काकू आहेत का हो?"

सांगा आता. डोक्यात तिडीक जाणार नाही तर काय होईल?

माझी पद्धत सरळ आहे. गाडीपाशी गेलो की आधी बोनेटवर हात. मग खिशातलं लोहचुंबक काढून पत्र्यावरून फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे, म्हणजे गाडी कुठेतरी आपटलेली आहे. मग आडवं होऊन खालून चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा बघायचा, वेल्डिंगचे डाग आहेत का. मग चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे, क्लच, गिअर. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण काढायचं, आतून धूर फुंकला तर नमस्कार करून निघायचं. माझ्या हाताखालून गेलेली गाडी रस्त्यात बंद पडली असं दाखवून द्या, मिशी उतरवीन.

आणि धाकटीची पद्धत? ती गिऱ्हाइकाला म्हणते, "तुमचा माल घेऊन या."

बस्स. एवढंच. अंडीवाल्याला अंड्यांचे ट्रे आणायला लावते. मंडपवाल्याला खुर्च्या. त्या गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात चढवायला लावते, उतरवायला लावते. माणूस म्हणतो, झालं की, चढलं. ही म्हणते, "एकदा कुणीही चढवतं. दहाव्यांदा चढवा." मग टेप काढून जमिनीपासून हौद्यापर्यंतची उंची मोजते, आणि पुढे गिऱ्हाइकाच्या पायापासून कमरेपर्यंतची. अहो, शिंप्यासारखी! हौद्यात आत चाकांवरचे दोन उंचवटे असतात, त्यांच्या मधली जागा मोजते. मग गाडी माणसाच्या स्वतःच्या गल्लीत न्यायला लावते, तिथे वळवून दाखवायला सांगते, आणि स्वतः मागे हौद्यात मालाजवळ बसते. बोनेट उघडते ती सगळ्यात शेवटी, आणि उघडून तरी तिला काय दिसणार?

ती मूळची काचसामानाच्या दुकानातली. बारा वर्षं तिने त्या दुकानाची गाडी चालवली, आरसे, खिडक्यांच्या काचा, कपाटांची दारं लोकांच्या घरी पोचवली. चढवायलाही तीच आणि उतरवायलाही तीच. एकही काच फोडली नाही असं माझा भाऊ उगाचच चारचौघांत सांगत असतो. दुकान बंद झालं तेव्हा मला वाटलं, आता बाई घरी बसेल. कसली बसतेय!

तिचं हे सगळं सुरू झालं ते माझ्याच गॅरेजात, याचा मला जास्त राग आहे. रोपवाटिकेवाला एक माणूस पिकअप घेऊन माझ्याकडे आला होता. मी तासभर गाडी तपासली. फर्स्टक्लास गाडी. तसं सांगितलं. माणूस खूश. तेवढ्यात ही माझा डबा घेऊन आली. आमच्या घरी त्या दिवशी बायकोला ताप होता, म्हणून. डबा ठेवून जायचं की नाही? तर उभी राहिली आणि त्याला विचारते, "कुंड्या चढवतं कोण?"

तो म्हणाला, "मी आणि माझी आई."

"मग आईंना घेऊन या ना एकदा."

तो बावळट खरंच घेऊन आला. म्हातारी चांगली काटक होती, पण हौदा तिच्या खांद्याला लागत होता. दोन कुंड्या कशाबशा चढवल्या आणि तिसरीच्या वेळी गाडीला टेकून उभी राहिली. माणसाने आईकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि नको म्हणाला. मी तासभर पालथा पडून तपासलेली गाडी! ही मला म्हणते, "दादा, गाडी चांगलीच होती हो. त्यांच्यासाठी नव्हती, इतकंच." वर डब्यातलं गरम आहे तोवर जेवून घ्या म्हणाली. मी डबा तसाच झाकून ठेवला.

तेव्हापासून जो तो काकू काकू. मी बायकोपाशी कधी काही बोललो नाही, पण तिला सांगावं लागत नाही. परवाच भाजी निवडता निवडता म्हणाली, "काहीतरी जळतंय वाटतं. वास येतोय."

मी म्हटलं, "गॅस बघ."

"गॅस बंद आहे," ती म्हणाली, "म्हणून तर म्हणतेय."

हो, जळतो मी. आता कबूल करायला काय हरकत आहे? अंडीवाला तिला वाकून नमस्कार करतो तेव्हा जळतो. मंडपवाल्याच्या पोरांच्या वाढदिवसाला तिला बोलावणं येतं, मला येत नाही, तेव्हाही जळतो. त्या मंडपवाल्याची पहिली गाडी मी बघून दिलेली आहे, अकरा वर्षं चालली. त्या गाडीची आठवण कुणी काढत नाही. न बिघडलेल्या गाडीचं नाव कुणी घेतं का?

एक गोष्ट मात्र ती माझ्याकडून शिकली. एकच. एकदा गॅरेजात मला विचारलं होतं, "दादा, तुम्ही गेल्या गेल्या बोनेटवर हात का ठेवता?" माझा मूड बरा होता, सांगून बसलो. म्हटलं, विकणारा बेरकी असला तर आपण पोचायच्या आत गाडी चालवून इंजिन गरम करून ठेवतो. गरम इंजिन काय, कसलंही सुरू होतं. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या किल्लीला कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा टाकतं, त्यावर त्याची तब्येत कळते. बोनेट गरम लागलं तर समजायचं, लपवाछपवी आहे. मग बाकी काही बघायचं नाही, सरळ घरी यायचं.

"गरम लागलं तर घरी यायचं," ती पुटपुटली. दोनदा म्हणाली, पाठ करत असल्यासारखी. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आता माझ्या लेकीचं सांगतो. ती फ्रिज आणि कपडे धुवायची मशीन दुरुस्त करते. स्वतःचं छोटं दुकान आहे, एक खोली, पण हात असा की बंद पडलेलं मशीन तिच्याकडे बघूनच सरळ व्हावं. बापाचा हात आलाय. तिला एका मोठ्या वसतिगृहाचं काम मिळालं, सगळी मशीनं आणि फ्रिज वर्षभर सांभाळायचे. त्यांची एकच अट होती. न्यायला-आणायला स्वतःची गाडी हवी, आणि ती एक तारखेला दारात उभी हवी. नाही तर ते काम दुसऱ्याला. पोरगी महिनाभर गाडीच्या मागे होती. त्यातल्या दोन गाड्या मी बघून ठेवल्या होत्या.

सत्तावीस तारखेला जेवताना म्हणाली, "काकूने गाडी शोधलीय. एका सुतारकाकांची आहे. उद्या सकाळी साडेसातला बघायला जायचंय."

मी म्हटलं, "आणि मी काढलेल्या दोन?"

"बाबा, इंजिनं दोन्हीची मस्त होती. पण एकीला वरून पत्र्याचा टप होता, त्यात फ्रिज उभा राहत नव्हता. आडवा नेला तर बिघडतो तो. दुसरीचा हौदा माझ्या छातीला लागत होता. रोज कोण चढवणार?"

"काकूने मोजला वाटतं."

"हो," ती म्हणाली. तिला माझा टोमणा कळलाच नाही. "बाबा, उद्या तुम्ही पण या ना."

तुम्ही पण. माझी लेक, माझ्याच गॅरेजात पान्ह्यांशी खेळत मोठी झाली, तिची आयुष्यातली पहिली गाडी, आणि मी 'पण'! बायकोने ताटावरून माझ्याकडे बघितलं आणि हसू लपवायला पाणी प्यायला सुरुवात केली.

सकाळी साडेपाचला उठून चपला घातल्या. बायको म्हणाली, "कुठे?"

"फिरायला."

"तुम्ही? फिरायला?" तिने घड्याळ बघितलं, मग मला बघितलं, आणि कूस बदलली.

सुताराची गाडी गोदामांच्या रांगेमागच्या शेडमध्ये उभी असते, हे पोरीच्या बोलण्यात आलं होतं. तिथल्या राखणदाराच्या स्कूटरचा क्लच मीच टाकलेला. सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे फळीवर टांगलेल्या असतात. म्हटलं, जरा बघायचीय. त्याने विचारलंही नाही, किल्ली काढून दिली.

मी तिथे कशाला गेलो होतो ते आता स्पष्टच सांगतो. खोट काढायला. सगळ्यांच्या आधी गाडी बघायची, एखादी मोठी खोट हेरून ठेवायची, आणि साडेसातला काकूबाईंची मोजामोजी झाली की शांतपणे पुढे होऊन म्हणायचं, बाळ, हे बघ. बोट ठेवायचं त्या खोटीवर. मनातल्या मनात तो प्रसंग मी तीन वेळा घडवून आणला होता. प्रत्येक वेळी धाकटीचं तोंड एवढंसं झालं.

गाडी करड्या रंगाची, आटोपशीर. चुंबक फिरवलं, दारं, खांब, मडगार्ड, सगळीकडे चिकटलं. खाली टॉर्च घेऊन पडलो. चेसिस सरळ, वेल्डिंगचा एक थेंब नाही. पाटे ठीक. बोनेट थंडगार. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्याला सुरू. पांढरा धूर आला चिमूटभर, आणि दोन मिनिटांत तोही गेला. ऑईलचं झाकण उघडलं, आत शांत. मग मी चिडलो. गाडी बाहेर काढली, शेडमागच्या चढावर घातली, उभी केली, पुन्हा उचलली. क्लच घसरेल म्हणून वाट बघत होतो, घसरला नाही. पुढे मोठ्या रस्त्याला नेली, ब्रेक मारले, खड्ड्यात घातली. पाऊण तास मी त्या गाडीत खोट शोधत होतो. हातात आला तो फक्त एक उजवा आरसा, तोही जरासा ढिला. आरशावरून का कुणी गाडी नाकारतं?

गाडी होती तिथे नेऊन लावली, किल्ली फळीवर टांगली. राखणदाराची पाळी सातला संपते, तो घरी गेला. मी कोपऱ्यावर कडू चहा प्यायलो आणि साडेसातला नुकताच उठून आल्यासारखं तोंड करून शेडपाशी हजर झालो.

सुतार म्हातारा होता, काठी टेकत आलेला. हात थरथरायला लागले म्हणून काम सोडलेलं. हौद्यात त्याने स्वतःच्या हाताने लाकडी फळ्यांचं तळ बसवलेलं होतं. ते दाखवताना माणूस उजळला. पोरीने भाड्याच्या टेम्पोतून एक बंद पडलेला फ्रिज आणवला होता. तेच ते, धाकटीचं 'माल घेऊन या'! तो टेम्पोवाला फ्रिज उतरवून गेला आणि धाकटीने टेप काढली.

हौद्याची उंची मोजली, पोरीकडे न बघता म्हणाली, "बरोब्बर." माझ्या लेकीच्या कमरेची उंची हिला तोंडपाठ! फ्रिज दोघींनी तिरका करून काठावर टेकवला आणि सरकवला. मी पुढे झालो तर धाकटी म्हणाली, "नको दादा, तिला रोज एकटीलाच करायचंय. मी आहे ती सुद्धा आजच्यापुरती." फ्रिज उभा राहिला. पोरीने पट्टे बांधले, हलवून बघितला. हलेना. मग तिने त्या फळ्यांवरून हात फिरवला. लहानपणी तिला नवीन दप्तर आणलं होतं तेव्हा असाच हात फिरवत बसली होती. मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या तोंडावरचा तो आनंद काकूने आणला होता.

"आता दादांचा भाग," धाकटी म्हणाली. पुढे गेली आणि बोनेटवर हात ठेवला.

हात तिने उचलला नाही. दुसरा हात ठेवला. मग वाकून खाली सायलेन्सरला बोट लावलं आणि मान हलवली.

"काका," तिने सुताराला विचारलं, "गाडी आत्ता चालवून आणलीत का?"

"छे. चार दिवस हात लावला नाही."

"इंजिन गरम आहे."

"असं कसं होईल?" म्हातारा काठी टेकत आला, त्याने तो थरथरता हात बोनेटवर ठेवला आणि काही कळेना म्हणून आमच्याकडे बघत राहिला. "अहो, खरंच मी नाही हो..."

"तुम्ही वयाने मोठे आहात, मी काही बोलत नाही," धाकटी म्हणाली. आवाज अगदी हळू. "पण आमच्या दादांचा नियम आहे. बोनेट गरम लागलं तर घरी यायचं. दादा गाडीच्या बाबतीत कधी चुकले नाहीत. चल गं."

मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू? तिने शोधलेली गाडी तिनेच नाकारली, तीही माझ्या नियमाने, माझं नाव घेऊन. मला बोट सुद्धा उचलावं लागलं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. राखणदार घरी गेलेला. कुणाला काही कळणार नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "चाळीस वर्षं मी लोकांच्या घरात कपाटं बसवली. माणसं माझ्यावर घर टाकून कामाला जायची." मग म्हणाला, "नऊ वाजता एक बेकरीवाला येतोय बघायला. नको असेल तर तसं सांगा, मी काही गळ्यात मारत नाही."

पोरगी वाद घालेल असं मला वाटलं होतं. लहानपणापासून वाद घालण्यात पटाईत. "बरं काकू," म्हणाली, हौद्यात चढली आणि फ्रिजचे पट्टे सोडायला लागली. पहिला पट्टा सुटला, दुसऱ्याची कडी तिला उघडेना. पाठमोरी होती. खांदे बघितले आणि मला कळलं, ती रडतेय. ती कडी न बघता उघडते एरवी.

तीन दिवसांत दुसरी गाडी मिळणार नव्हती. हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

"ती गरम मी केलीय," मी म्हणालो.

तिघं माझ्याकडे बघायला लागले. धाकटी म्हणाली, "काय?"

"मी आलो होतो. सहाला. राखणदाराकडून किल्ली घेतली. पाऊण तास चालवली." मग म्हाताऱ्याकडे वळलो. "तुम्ही खरं बोलताय. खोटा मी आहे. माफ करा."

"पण दादा, का?" धाकटीने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं, हे बघून माझा आणखी संताप झाला.

"का म्हणजे? तू शोधली होतीस म्हणून! माझ्या पोरीची गाडी तू शोधलीस, म्हणून. तीस वर्षं मी गाड्या बघतोय, आणि माझी पोरगी मला म्हणते, तुम्ही पण या! खोट काढायला आलो होतो मी. तुझं नाक खाली करायला. झालं समाधान?"

माझा आवाज चढला होता. शेडबाहेर एक माणूस थबकून पुढे गेला. म्हातारा सुतार हळूच हौद्याच्या मागच्या, पाडून ठेवलेल्या फाळक्यावर टेकला, काठी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे असा बघत बसला की त्याला भांडणात आता रस यायला लागला असावा.

पोरीने डोळे पुसले नाहीत. हौद्यातून वाकून तिने मला एकच विचारलं. "सापडली?"

"काय?"

"खोट."

"नाही."

"एकही?"

"उजवा आरसा ढिला आहे," मी म्हणालो. "बाकी एकही नाही." आणि मग थांबताच येईना. सांगत सुटलो. पहिल्या झटक्याला सुरू झाली. धूर पांढरा, दोन मिनिटांत साफ. झाकणातून फुंकर नाही. चेसिसला वेल्डिंग नाही, पत्रा सगळा मूळचा. चढावर तीनदा उभी करून उचलली, क्लच घसरत नाही. खड्ड्यात मुद्दाम घातली, पाटा वाजला नाही. अशी गाडी मी दोन वर्षांत बघितलेली नाही. दात-ओठ खात एखाद्या गाडीचं इतकं कौतुक कुणी केलं नसेल.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग टेप कमरेला अडकवली. "म्हणजे थंड इंजिन दादांनी बघितलंय," ती म्हणाली. "मग झालं की. मला तरी ते बघून काय कळणार होतं?" ती सुताराजवळ गेली, वाकून त्याच्या पायांना हात लावला. "काका, मी तुमच्यावर संशय घेतला. चुकले."

"तुम्ही नाही चुकलात," म्हातारा म्हणाला आणि काठीचं टोक माझ्याकडे केलं. "हे चुकले."

मग पहिल्यांदा पोरगी हसली. नाक ओढत, पण हसली.

बेकरीवाल्याला फोन करून नको सांगितलं. कागदांवर सह्या झाल्या. म्हाताऱ्याने किल्ली पोरीच्या हातात ठेवली आणि तळाच्या फळ्यांना वर्षातून एकदा तेल पाजायला सांगितलं. पोरगी गाडीत बसली. पुढे दोनच माणसांची जागा. मी दुसऱ्या बाजूच्या दाराकडे गेलो, सवयीने. गाडी बघून झाली की चालवणाऱ्याच्या शेजारी मी बसतो, तीस वर्षं बसतोय.

"काकू, बस," पोरगी म्हणाली. मग मला, "बाबा, तुम्ही मागे फ्रिज धरा. एक पट्टा मी सोडलाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. कामाचं बोलावं तसं बोलली. मला राग चालला असता.

मी मागे गेलो. माझे गुडघे गेलेत हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. गॅरेजात खाली बसलो की दाराला धरून उठतो. आता चारचौघांत हौद्यात चढायचं म्हणजे फजिती, असं मनात आलं. फाळक्यावर हात ठेवला, बसलो, पाय वर घेतले. चढलोसुद्धा. गुडघ्याला कळलंही नाही. मी तसाच बसून राहिलो आणि डोकं खाजवलं. तीस वर्षांत शेकड्यांनी गाड्या बघितल्या. त्यातल्या एकीच्याही हौद्यात मी कधी चढलो नव्हतो.

गाडी निघाली. फ्रिजला पाठ लावून मी दोन्ही हातांनी तो धरला. केबिनच्या मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. धाकटी काहीतरी सांगत होती, हात हलवून. पोरगी मान मागे टाकून हसली. काच बंद होती, मला काही ऐकू आलं नाही. माझ्यावरच हसत असतील. नसतीलही.

आणि खरं सांगतो, मी पुन्हा जळलो. तिथेच, हौद्यात, फ्रिज धरून.

वळणावर पोरीने गाडी हळू केली आणि आरशातून मागे बघितलं. उजवा आरसा ढिला होता, तिला मी दिसत नसणार. तिने खिडकीतून हात बाहेर काढला, आरसा नीट माझ्याकडे वळवला आणि धरून ठेवला. घर येईपर्यंत तो हात तिथेच होता. मीही फ्रिज सोडला नाही.